आजार वेगळा, माणूस वेगळा

गेल्या मे महिन्यात बडोद्याला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिचे घर रावपुऱ्यात, टॉवरपासून चालत पाच मिनिटांवर. गायकवाडी जाऊन पाऊणशे वर्षे झाली, तरी त्या गल्लीत अजून मराठी कानावर पडते. मध्येच एखादा गुजराती शब्द घुसतो, एवढेच.

एका रात्री जेवणानंतर टीव्हीवर 'जोगवा' लागला होता. हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचे ते प्रसिद्ध गाणे सुरू झाले तसे सगळे घर गुणगुणू लागले. गाणे संपले, साडी नेसलेला उपेंद्र लिमये पडद्यावर आला, आणि भावोजी म्हणाले, "असल्यांचं शेवटी असंच व्हायचं. एक तर रोग, नाही तर भीक."

कुणी काही बोलले नाही. मीही नाही. पाहुण्याने वाद घालू नये म्हणतात. पण तेव्हा गिळलेले आज लिहून टाकतो.

राजीव पाटील यांचा हा चित्रपट २००९ चा. त्यातल्या तायप्पाच्या लघवीतून रक्त जाते. त्याला डॉक्टरकडे न्यायचे, तर लोक त्यात देवीची खूण पाहतात आणि त्याला लुगडे नेसवून जोगता करतात. सुलीच्या केसांत जट येते, म्हणून तिची जोगतीण होते. म्हणजे आजारावरून माणूस कोण हे इतरांनी ठरवले. अजय-अतुल यांचे संगीत आपण डोक्यावर घेतले, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ते गाणे मंगल कार्यालयात वाजते तेव्हा त्यामागचे ते लुगडे कुणाला आठवते?

आमच्या गोव्यात याच्या उलटे घडले. १९८९ साली पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझाला पोलिसांनी नेले. हा तरुण नेमाने रक्तदान करणारा. त्या रक्तात एचआयव्ही सापडला, एवढाच त्याचा गुन्हा. सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. त्याची आई, लुसी डिसोझा, उच्च न्यायालयात गेली. १९९२ साली त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. मोठी माणसे त्याचे नाव काढताना आवाज बारीक करायची, ते आठवते.

त्याच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन ओनिर यांनी २००५ साली 'माय ब्रदर निखिल' काढला. संजय सुरीचा निखिल गोव्याचा जलतरणपटू, आणि त्याचे प्रेम नायजेल नावाच्या मुलावर. चित्रपट चांगला आहे, मनापासून सांगतो. निखिलची बहीण आणि नायजेल त्याला सोडत नाहीत, आणि दिग्दर्शक कुठेही रोगाला शिक्षा म्हणत नाही. पण पडद्यावर असा माणूस एरवी दिसतो तो हसण्यापुरता, नाही तर मरण्यापुरता. मग प्रेक्षक आपापला हिशेब मांडतो: तसा होता, म्हणून गेला. भावोजींनी तेच केले. विषाणू मात्र कुणाचे प्रेम कुणावर हे विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, भूपेन खख्खर माहीत आहे का? आमच्या बडोद्याचा." नाव ऐकून होतो. हा मुंबईत जन्मलेला चार्टर्ड अकाउंटंट १९६२ साली बडोद्याला आला. दिवसा कारखान्याचे हिशेब लिहायचा आणि उरलेल्या वेळात चित्रे काढायचा. म्हणजे आमच्याच जातकुळीतला! आपले प्रेम पुरुषांवर आहे हे त्याने १९८० च्या दशकात चित्रांतून उघड मांडले. बापलेक आणि गाढवाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली ना, त्यावरचे त्याचे १९८१ चे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. आमच्या अरुण खोपकरांनी त्याच्यावर आणि आणखी दोघा चित्रकारांवर १९९० साली 'फिगर्स ऑफ थॉट' हा माहितीपट केला.

पुढे खख्खरला प्रोस्टेटचा कर्करोग झाला. त्याने तोही रंगवला, जखमी, दुखणारी शरीरे काढली. २००३ साली तो गेला. पण हा आजार भावोजींना होऊ शकतो, मलाही होऊ शकतो. त्यातून त्याच्या प्रेमाविषयी काहीच सिद्ध होत नाही. आपण कोण हे त्याने धडधाकट असताना, स्वतःच्या हाताने सांगितले होते. नंतर आलेला रोग हे वेगळे प्रकरण. कार्यालयात आम्ही दोन विषय एका फाईलीत लावत नाही, लावले तर साहेब फाईल परत पाठवतो.

आणि तरी मी स्वतः लावले आहेत. आमच्याकडे एक शिपाई होता, चालणे-बोलणे नाजूक. तो दोन महिने आजारी पडला तेव्हा चहाच्या टपरीवर आम्ही सगळ्यांनी रोगाचे नावसुद्धा ठरवून टाकले. निघाली साधी कावीळ. तो परत आला, त्याच टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवू लागला. बरेच दिवस त्याच्या हातचे पाणी मी प्यायलो नाही. त्याला ते कळले होते.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्याच महिन्यात एचआयव्हीबाधितांशी भेदभावाला मनाई करणारा कायदाही लागू झाला. कायद्याने दोन्ही गाठी सोडवल्या. माझ्या डोक्यातली गाठ मात्र मलाच सोडवावी लागणार. पुढच्या खेपेला रावपुऱ्यात गेलो की भावोजींशी बोलणार आहे. पाहुणा असलो तरी.