यंत्र आलें, मास्तर कोठें ?

हल्लीं जो उठतो तो सांगतो कीं, आतां शिक्षणासाठीं शाळेची पायरी चढण्याचें कारण उरलें नाहीं. मोबाईल हातीं घ्यावा, कीं सारें जग मास्तर होऊन घरीं येतें. ज्यांच्या घरीं चार खोल्या व चार यंत्रें आहेत त्यांस हें बोलणें शोभतें. पण ज्या घरांत एकच मोबाईल, आणि तोही बापाबरोबर उसाच्या फडांत जातो, त्या घरच्या मुलांनीं काय करावें, याचें उत्तर हे पंडित देत नाहींत. म्हणून या प्रश्नाचा विचार आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं स्वतःच केला पाहिजे.

दूर राहून शिकण्याची सोय आम्हांस नको आहे, असें कोणीं समजूं नये. कष्टकऱ्याच्या मुलाच्या आड अंतर नेहमींच आलें आहे. शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आश्रय देऊन खेड्यांतील मुलास शाळेजवळ आणलें. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करून शाळाच खेड्याजवळ नेली. पुढें १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें व नांगर-हातोडा न सोडतां पदवी घेण्याची वाट मोकळी झाली. ज्ञानगंगा घरोघरी, हें त्याचें ब्रीद. गंगा दारीं आली हें खरें. पण घागर कशी भरावी हें दाखविणारा कोणी तरी पाहिजे.

हें आम्ही हवेंत बोलत नाहीं. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें पुणें, तेव्हांचें अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व आमचें कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत एक प्रयोग केला. गांवच्या वीसेक जणांनीं रेडिओभोंवतीं बसावें, शेतीवरील कार्यक्रम ऐकावा, मग आपसांत चर्चा करावी, शंका पुण्यास लिहून कळवाव्या व पुढें त्यांचीं उत्तरें ऐकावीं, अशी रीत होती. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनीं त्याचा निकाल तपासला. ज्या गांवांत असें मंडळ होतें तेथील लोकांचें ज्ञान चांगलेंच वाढलें. ज्या गांवांत नुसता रेडिओ होता तेथें फारसा फरक पडला नाहीं. यंत्र तेंच, आवाजही तोच. मग फरक कशाचा ? एकत्र बसण्याचा, प्रश्न विचारण्याचा व उत्तर मिळण्याचा.

हा धडा विसरल्याचें फळ २०२० सालीं दिसलें. करोनामुळें मार्चांत शाळांस कुलपें लागलीं व शिक्षण मोबाईलवर गेलें. आमच्या पाहण्यांतील एका सुताराच्या घरीं मुलें दोन, मोबाईल एक. बाप रात्रीं घरीं परतला कीं मोबाईल आधीं थोरल्या मुलाच्या हातीं पडे. मुलीची पाळी येईपर्यंत ती चुलीपाशीं गुंतलेली असे. तिचें गणित अडलें तर तिनें कोणास विचारावें ? चित्रांतला मास्तर बोलतो, पण ऐकत नाहीं.

२०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव राज्यांत मागविले गेले. पट कमी म्हणून शाळा उचलावयाची, आणि कोणीं तक्रार केली तर मोबाईलकडे बोट दाखवावयाचें, असें जर होणार असेल, तर महाराजांनीं जवळ आणलेली शाळा पुन्हां दूर गेली असेंच म्हणावें लागेल. यंत्र हें मास्तरांच्या हातांतलें खडू-फळ्यासारखें साधन आहे; तें मास्तरांच्या जागीं बसविणें म्हणजे नांगर घेऊन बैल विकण्यासारखें आहे.

आमचें मागणें साधें आहे. गांवची शाळा गांवांत राहूं द्या. तिच्याच एका खोलींत सायंकाळीं यंत्र लावा, आणि जवळ शंका फेडणारा एक माणूस पगार देऊन बसवा. शाळा सुटलेला तरुण, मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करणारी सून, सुताराची मुलगी, सर्वांस तेथें बसतां यावें.

बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेंत हा प्रश्न तुम्हीच काढा. आणि त्या रात्रीं घरीं मोबाईल आधीं मुलीच्या हातीं द्या. सरकारास जाब विचारण्याचा अधिकार आपल्या घरापासूनच सुरू होतो.