विश्लेषण : पेशींवरील ‘मार्कर’ रक्ताच्या कर्करोगाचे निदान कसे ठरवतात?

नेहमीच्या रक्त तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, पण रुग्णाला काहीच त्रास नसतो. उतारवयात होणारा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया (सीएलएल) अनेकदा असा योगायोगानेच समोर येतो. तो सीएलएलच आहे की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकाने नेहमी कळत नाही.

मार्कर कसे शोधतात?

पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना ‘सीडी’ क्रमांक दिलेले आहेत. फ्लो सायटोमेट्री या तपासणीत चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडे रक्ताच्या नमुन्यात मिसळतात आणि एकेक पेशी लेझरसमोरून जाते. कोणता रंग उजळला, यावरून पेशीवर कोणते प्रथिन आहे ते कळते.

सीएलएलची खूण कोणती?

सीडी१९ हे बी-पेशींवर, तर सीडी५ एरवी मुख्यतः टी-पेशींवर आढळते. सीएलएलमध्ये दोन्ही एकाच पेशीवर दिसतात. जोडीला सीडी२३ असते, तर सीडी२० फिके असते. निरोगी बी-पेशींत काहींवर कॅपा, काहींवर लॅम्डा साखळी असते. येथे मात्र सर्वांवर एकच, म्हणजे त्या एकाच पेशीची संतती. अशा पेशी रक्तात प्रति मायक्रोलिटर किमान ५,००० आणि किमान ३ महिने टिकून असाव्या लागतात.

गल्लत कुठे होते?

मँटल सेल लिम्फोमातही सीडी५ असते. हा आजार बहुधा अधिक आक्रमक असतो आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. त्यात सीडी२३ आणि सीडी२०० सहसा नसतात. सायक्लिन डी१ मात्र आढळते. त्यामुळे एका मार्करवर निदान करता येत नाही. १९९४ पासून वापरात असलेल्या पाच मार्करच्या गुणपद्धतीत ४ किंवा ५ गुण मिळाल्यास सीएलएलचे निदान पक्के मानले जाते.

उपचार लगेच करावे लागतात का?

नाही. लक्षणे नसतील तर सुरुवातीला नियमित तपासणी आणि निरीक्षण पुरेसे असते. उपचारांची वेळ येते तेव्हा जनुकीय चाचण्या निर्णायक ठरतात. १७व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल किंवा टीपी५३ जनुकात बिघाड असेल, तर पारंपरिक केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. अशा रुग्णांसाठी इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांनी चित्र बदलले. अमेरिकेत सीएलएलसाठी तिला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. म्हणूनच मार्करवरून आजाराचे नाव कळले, तरी औषध ठरवण्यापूर्वी जनुकांचा अहवाल हाती असणे महत्त्वाचे.