पेलेल तेवढीच गाडी!

अलीकडे पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींनाही मोटारसायकलीवरून मुलूख पाहण्याची हौस लागली आहे. हौसेला वयाचे बंधन नसावेच. प्रश्न आहे तो गाडी कोणती घ्यावी, हा. सल्ला विचारायला येणाऱ्यांच्या तोंडी अश्वशक्तीचे आकडे असतात. मी उलट विचारतो, ‘आडवी पडली, तर एकट्याने उभी कराल का?’

बँकेत असताना कर्जाच्या अर्जात आम्ही हौस पाहत नसू, परतफेडीची ऐपत पाहत असू. गाडी घेताना खिशाची ऐपत पाहावी, तशी मनगटाचीही पाहावी. ती शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात कळते. १९८२ साली एका जिल्ह्याचे दोन झाले, जंगल मात्र सलगच राहिले. मूल, गडचिरोली, आलापल्ली करीत भामरागडकडे निघालात, की डांबर, मुरूम, चिखल आणि नाल्यावरचा रपटा यांची एकाच प्रवासात गाठ पडते. तिथे गाडी घसरली, तर उचलायला कोण येणार? फोनला रेंज असेलच, याचाही भरवसा नाही.

आता दोन गाड्यांची तुलना करून पाहा. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ साली ४११ सीसीची आली. २०२३ साली आलेली नवी ४५२ सीसीची आहे. वजन दोनशे किलोला चार कमी. २०१९ साली आलेली हिरोची दोनशे सीसीची एक्सपल्स एकशेसाठ किलोच्या आसपास. दोघींचे पुढचे चाक एकवीस इंची, म्हणजे दगडगोट्यांवरून सुखाने जाणारे. फरक वजनाचा; तांदळाचा दीड कट्टा म्हणा ना! नागपूरहून लडाखला हमरस्त्याने, मागे सोबती बसवून जायचे असेल, तर जड गाडीचा दम आणि ठेहराव कामाला येतो. रानवाटेला, एकट्याने, साठीच्या आसपास हिंडणाऱ्याने मात्र हलकीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी घेतल्यावर लोक तिला दागिन्यांनी मढवतात. लोखंडी पेट्या, जादा दिवे, नाना आकडे. वाचवलेले वजन पुन्हा चढते. खरी गरज थोडीच असते. खडीवर पकड घेणारे टायर, इंजिनाखाली जाड पत्रा, वाटेवर झुकलेल्या बांबूपासून बोटे वाचवणारी हातावरची ढाल. उभे राहून चालवताना कंबरेत वाकावे लागू नये, इतके उंच हँडल. सामान कापडी पिशव्यांत, सीटलगत आणि खाली बांधलेले. ट्यूबचे टायर असतील, तर जादा ट्यूब, लिव्हर आणि पंप. आणि ते वापरायची सवय घरच्या अंगणातच केलेली. चिखलातून आल्यावर चेन धुऊन तेल द्यावे. पुढच्या लांब टप्प्याआधी आलापल्लीत टाकी भरून घ्यावी.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कर्कश सायलेन्सर बसवू नका. तुमची सहल ज्या वाटेने जाते, ती कुणाची तरी रोजची वाट असते. मोहफुलांच्या दिवसांत बायामाणसे पहाटेच रस्त्याकडेच्या झाडांखाली वेचायला वाकलेली असतात. हा वाघाचा मुलूख. त्यांचे कान आजूबाजूच्या चाहुलीकडे लागलेले असतात. तुमच्या गाडीच्या गर्जनेत ती चाहूल बुडाली, तर मोल कुणी द्यायचे? म्हणून वेग आवरावा, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचावे. पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. पुलावरून पाणी वाहत असेल, तर कितीही भारी गाडी असो, थांबावे.

याच वाटांवरून इथला माणूस शंभर सीसीच्या जुन्या गाडीवर बायकोमुलांसह धानाचे पोतेही नेतो. त्याला कुणी साहसवीर म्हणत नाही. आपणही साहसाचा बडिवार थोडा कमी करावा. जी गाडी आपल्याला पेलते आणि रानालाही जड होत नाही, तीच खरी आपली.