दुर्बीण दुरुस्ती: जोडधंदा करा, पण 'नाही' म्हणायला शिका

नांदेड-लातूरला फक्त दुर्बीण दुरुस्तीचं दुकान टाकू नका, भाडंही सुटणार नाही. पण कॅमेरा किंवा घड्याळ दुरुस्तीचं टेबल आधीच असेल, तर हा चांगला जोडधंदा आहे.

पक्षी बघणाऱ्यांच्या जुन्या दुर्बिणीची दुखणी तीनच: पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, फोकसच्या चाकातलं ग्रीस घट्ट होतं, आणि दुर्बीण पडली की प्रिझम हलून एकाचे दोन पक्षी दिसतात.

बाहेरची सफाई, ब्लोअरनं धूळ काढणं, डोळ्याकडचं रबर बदलणं ही कामं लगेच घ्या. प्रिझम जुळवायचा तर आधी भंगारातल्या दुर्बिणीवर हात बसवा. नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ दुर्बीण मात्र उघडूच नका. गॅस गेला की आत ओल शिरते. ती सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा.

'हे आमच्याकडे होत नाही' ऐकलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या कामाला परत येतं. भिंगावर ओरखडा घेऊन गेलेलं येत नाही, आणि चार जणांना सांगतं.

5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. बोर्ड ऑक्टोबरमध्येच लावा. तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये लिहा.