‘गोळ्या सोडल्या म्हणून गेला’ हा कांगावा बंद करा!

गोवंडी-मानखुर्दच्या रहिवासी बंधू-भगिनींनो,

आपल्या वस्तीत टीबीने माणूस गेला की दवाखान्यापासून नाक्यापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: ‘गोळ्या अर्ध्यात सोडल्या ना!’ झालं, पंचनामा आटोपला. मेलेल्याच्याच माथी गुन्हा मारून सगळे मोकळे.

मग आता आमचाही पंचनामा ऐका.

रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी झोपड्या तोडल्या आणि माणसं लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणून कोंबली. घर २२५ चौरस फुटांचं, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट. खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. खिडकी उघडावी तर त्या फटीत साचलेल्या कचऱ्याचा वास, म्हणून ती बंदच. आत पाच-सहा माणसं, त्यातला एक खोकणारा. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेची पाहणी २०१८ साली पुढे आली. ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, आणि इमारती सुट्या असलेल्या पीएमजी कॉलनीत कमी, असं तिच्यात दिसलं. ही फट काही जंतूने आखलेली नाही. पुनर्वसनाच्या इमारतींना नियमांत सवलत दिली गेली, नकाशे सह्या-शिक्क्यांनिशी पास झाले.

टीबी कुणालाही होतो, हे खरंच. अमिताभ बच्चन यांना २००० साली मणक्याचा टीबी झाला, ते बरे झाले, आनंद आहे. पण सहा महिने घरी बसून अंडी-दूध खाणं कुणाला परवडतं? देवनारच्या डंपिंगवर कचरा वेचणाऱ्या बाईचा रोज बुडला की त्या दिवशी चूल पेटत नाही. टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं, उलटी होते. तिने गोळी टाळली तर ती ‘बेजबाबदार पेशंट’!

अन्न हेही औषध आहे, हे आता सिद्ध झालेलं आहे. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना महिन्याचं रेशन देऊन पाहिलं. २०२३ साली निष्कर्ष छापून आले: रेशन मिळालेल्या घरांतल्या इतर माणसांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी झाला. काय होतं त्या रेशनमध्ये? तांदूळ, डाळ, तेल, दूध पावडर. आणि आपल्याला काय मिळतं? टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणजे दिवसाला ३३ रुपये. तेही खात्यात वेळेवर पडले तर!

शुगरचं तर कुणी बोलतच नाही. मधुमेह आता बंगलेवाल्यांचा आजार राहिलेला नाही. वडापाव आणि चहावर दिवस काढणाऱ्या रिक्षावाल्यालाही तो गाठतो, फक्त त्याला कळतो उशिरा. मधुमेह असला की टीबी होण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, उपचार चालू असताना दगावण्याचाही वाढतो. त्यात टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. म्हणजे दोन्ही आजार एकाच डॉक्टरच्या नजरेखाली हवेत. इथे टीबीची खिडकी एकीकडे, शुगरची दुसरीकडे, आणि दोन्हीकडच्या रांगांत मिळून मजुरी बुडते.

आणि गोळ्या सोडण्याचाच हिशेब काढायचा असेल तर पुरता काढू. मार्च २०२४ मध्ये सरकारी टीबीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला. केंद्राने राज्यांना कळवलं, तुमच्या पातळीवर खरेदी करा. तेव्हा गोळ्या कुणी सोडल्या होत्या? आरोग्य खात्याला कुणी ‘बेजबाबदार’ म्हटल्याचं आमच्या तरी कानावर नाही.

आमचं मागणं साधं आहे. रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाला उपचार संपेपर्यंत कोरडं रेशन द्या. टीबी आणि शुगरची तपासणी व औषधं एकाच खिडकीवर, तीही संध्याकाळी कामावरून परतल्यावर मिळू द्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. आणि तीन मीटरच्या फटीची एकही नवी इमारत पास करू नका.

हे पत्रक घेऊन आपल्या आरोग्य केंद्रात आणि एम पूर्व वॉर्ड ऑफिसात जा. तोंडी आश्वासन मिळेल, ते घेऊन परतू नका. अर्ज लेखी द्या, शिक्का मारून पोच घ्या.

गोवंडी-मानखुर्दमधील काही रहिवासी