तार वरून येईल, नोकरी कुठून येणार?

१ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. आपल्या पोरांनीही स्टेटस ठेवले. रस्त्यावर तार काही दिसली नाही.

मेट्रो हे नुसतं नाव. मुळात ती डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी, रबरी टायरची बस. मुंबईत बेस्टने १९६२ ते १९७१ गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस चालवली होती. आमचा तिला विरोध नाही. मजूरमंत्री असताना वीज खातंही बाबासाहेबांकडेच होतं. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं.

आमचा प्रश्न स्टिअरिंगवर कोण बसणार हा आहे. २०२१ मध्ये महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली, ती ठेकेदारांच्या माणसांवर. थकलेल्या पगारासाठी वाहकांना पुन्हा पुन्हा संप करावा लागला. तेव्हा शहर फक्त बस बंद म्हणून चिडलं! महापालिकेची कायम भरती असती तर बिंदूनामावली पाळावी लागली असती. ठेक्यात ती लागत नाही. आरक्षण रद्द न करताच संपतं ते असं.

म्हणून निविदा निघण्याआधीच लेखी मागू या: चालक, वाहक, तारा दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, सगळे कायम आणि बिंदूनामावलीप्रमाणे. आणि पहिली बस सातपूर एमआयडीसीच्या मार्गावर, पहिल्या पाळीच्या वेळेला.