कोंबड्या कोणाच्या?

कोंबड्यांवर लेख वाचायचा? असं म्हणून पान उलटू नका. रविवारी मेसमध्ये जिच्या तंगडीवरून आपली भांडणं होतात, तिच्याबद्दल चार शब्द लिहायला काय हरकत आहे?

माझं गाव कवठे महांकाळ. २०१९ साली, मी दहावीत असताना, आमच्या अंगणावर कोंबड्यांनी स्वारी केली. एक-दोन नव्हे, तीसेक. तुऱ्यापासून नखापर्यंत काळ्या. आजीनं वाळत घातलेली ज्वारी फस्त, मेथीचा वाफा उकरलेला, ओसरीवर घाण आणि रात्री परसातल्या लिंबावर मुक्काम. पहाटे चारला बांग! माझा बोर्डाचा अभ्यास त्या बांगेवरच झाला.

कोंबड्या कुठल्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात तेव्हा कडकनाथचं वेड होतं. पैसे भरा, पक्षी न्या, अंडी आम्ही चढ्या भावानं घेऊ, असा करार. २०१९ मध्ये ती खरेदी बंद पडली, तक्रारी पोलिसांत गेल्या आणि शेतकऱ्याच्या हाती उरले पक्षी नि कर्ज. आमच्या शेजारच्या अण्णांनीही शेड मारलं होतं. खाद्याला पैसे उरले नाहीत, तेव्हा एका रात्री त्यांनी शेडचं दार उघडून दिलं. जगतील तिकडं जगतील!

आम्ही दगड मारले, पाणी फेकलं, कुंपणाला बाभळीचे फास लावले, द्राक्षबागेतली चकचकीत फीत बांधली. कोंबड्या दोन दिवस बिचकल्या, तिसऱ्या दिवशी फितीशेजारीच बसल्या. शेवटी तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ज्वारीला औषध लावायचं काढलं. आजी तापली. "त्या दाण्यावर चिमण्या बी येत्यात, शेजारचं पोरगं बी हितंच खेळतंय. आन् मेलेल्या कोंबड्या अण्णाच्या दारात टाकणार हायस व्हय? त्यो आधीच मेल्यागत झालाय."

मग आजीनं आपलं इंजिनिअरिंग दाखवलं. पहिलं, दाणा बंद : ज्वारी गच्चीवर, खरकटं झाकून. दुसरं, अंडी : कडब्याच्या गंजीतलं घरटं हुडकून रोज अंडी काढायची, पण एक ठेवायचं. सगळी काढली तर कोंबडी जागा बदलते, आणि नाही काढली तर खुडूक बसली की एकवीस दिवसांत पिल्लं. तिसरं, रात्र : अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, फांदीवरून अलगद उचलता येते. चार रात्रींत बावीस कोंबड्या डालग्याखाली आल्या. बाकीच्यांतल्या काही मुंगसानं नेल्या, काही कुठं गेल्या कळलं नाही.

खरा प्रश्न पुढेच होता. बावीस कोंबड्या कोणाच्या? अण्णा मान वर करेनात. "माझ्या न्हाईत त्या," एवढंच म्हणाले. आजी म्हणाली, "निम्म्या तुझ्या, निम्म्या माझ्या. अंडी बाजारात इकू." अण्णांचं कर्ज त्यानं फिटलं नाही, पण दोन महिन्यांत पहिल्यांदा ते आमच्या ओसरीवर चहाला बसले.

माझं म्हणणं एवढंच आहे : कोंबडी आपोआप मोकाट होत नाही. तिला कुणीतरी सोडतं, आणि सोडायची वेळ त्याच्यावर कुणीतरी आणतं. हवाईतल्या कवाई बेटावरही रानोमाळ कोंबड्या आहेत. १९९२ च्या इनिकी वादळात खुराडी उडाली, तेव्हापासून त्या वाढल्या, असं तिथले लोक सांगतात. तिथं वादळ आलं, आमच्याकडं करार मोडला.

कुणी म्हणेल, मालकाला दंड करा. पण १८७१ च्या गुरांच्या कोंडवाड्याच्या कायद्यात हत्ती-उंटापासून शेळी-करडापर्यंत सगळे आहेत, कोंबडी नाही! आणि ज्याचं सगळं बुडालं त्याच्याकडून दंड कसला घेणार? तसंच सोडून द्यावं, तर तेही बरं नव्हे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. शेडमधल्या पक्ष्यांवर नजर तरी असते. मोकाट कोंबडीला ना मानमोडीची लस, ना कुणाची नजर. तिला कुणीतरी "माझी" म्हणावंच लागतं.

आता आपल्या हॉस्टेलकडं बघा. दुपारी आपण मेसच्या मागं भात फेकतो आणि रात्री तिथल्याच कुत्र्यांना दगड मारतो. वॉर्डन सरांना अर्ज, नगरपालिकेला अर्ज. पण भात कोणाचा? तो आपलाच ना? मेसच्या काकांना एक झाकणाचा पिंप आणि आपल्याला ताटात बेतानं घ्यायची सवय, एवढं जमलं तरी निम्मं काम होईल.

आजी चौथी शिकलेली. तिनं दगड खाली ठेवून आधी दाणा झाकला. आपण तर इंजिनिअर होणार आहोत!